डोंगर गावाचा, उत्पन्न घेणाऱ्याचे

"हें कोणाचें?" असे विचारल्याशिवाय ते कशालाही हात लावत नसत. डिचोलीच्या कोर्टाजवळ चहाचे एक लहान हॉटेल आहे. तिथे खुर्ची ओढण्याआधी विचारायचे, टेबलावर पडलेले वर्तमानपत्र उघडण्याआधी विचारायचे. एकदा मी माझ्या डब्यातली भाकरी पुढे केली, तर भाकरीकडे बघूनही तोच प्रश्न.

"माजी," मी म्हटले.

"तुवें केल्ली?"

"आयेन."

"मगीर आवयक विचारून हाड," म्हणाले आणि स्वतःसाठी पाव-भाजी मागवली. आई पेडण्यातल्या कोरगावात, आम्ही डिचोलीत. दुपारभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आईने मुद्दाम त्यांच्यासाठी वेगळी भाकरी बांधून दिली. ती मात्र त्यांनी चवीने खाल्ली आणि आईला नमस्कार सांगायला लावला.

मी त्यांची ज्युनियर होते. सनद घेऊन पेडण्याहून डिचोलीला आले तेव्हा वडिलांनी सांगितले होते की माणूस विक्षिप्त आहे, पण तुला खोटे बोलायला शिकवणार नाही. दोन्ही खरे निघाले. सगळे त्यांना वकीलबाब म्हणत, मीही तेच म्हणू लागले. अंगाने किडकिडीत, चालताना थोडे पुढे वाकलेले, बारा महिने छत्री जवळ. खाणीच्या पट्ट्यात पांढरे काही पांढरे राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. काळेही काळे राहत नाही, हे मला त्यांच्या कोटावरून कळले. कितीही झटकला तरी शिवणीत तांबडी माती उरायचीच, आणि ते ती झटकायचेही नाहीत.

कुळांचे दावे, वाटेचे तंटे, ट्रकखाली सापडलेल्यांची प्रकरणे ते घेत. खाण कंपनीचे वकीलपत्र कधी घेतले नाही. का नाही, ते मी पहिली काही वर्षे विचारले नाही, कारण विचारले की ते कायद्याचा इतिहास सुरू करत आणि माझी बस चुकायची.

शेवटच्या वर्षांत बार रूममध्ये त्यांचे नाव 'चंद्राचे वकील' असे पडले होते. ते आत आले की कोणीतरी विचारायचेच, "वकीलबाब, आज चंद्राची तारीख आसा?" दुसरा अमावास्येवरून म्हणायचा, "उमाशेक पक्षकार गैरहजर उरता, कशी तारीख मेळटली?" वकीलबाब रागावत नसत. छत्री कोपऱ्यात ठेवून गंभीरपणे सांगत, "खटलो अजून दाखल जावंक ना. कायदोच बरोवन जावंक ना." कायदाच अजून लिहून झालेला नाही, यावर बार रूम हसायची, आणि मला त्या सगळ्यांचा राग यायचा. थोडा वकीलबाबांचाही यायचा.

हे खूळ सुरू झाले ते त्याच चहाच्या हॉटेलात. कोर्टाला अचानक सुट्टी मिळाली होती. वर्तमानपत्र कोणाचे ते विचारून झाले आणि ते वाचायला लागले. आतल्या पानावर एक बातमी होती. परदेशात खासगी कंपन्या चंद्रावरून आणि आकाशातल्या लहान ग्रहांवरून खनिज आणायच्या गोष्टी करत होत्या, आणि काही देशांनी त्यांच्यासाठी कायदेसुद्धा करून टाकले होते. चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा जुना जागतिक करार आहे. पण खणून बाहेर काढलेल्या मालाचे काय, त्यावर तो करार गप्प आहे. त्या गप्प बसलेल्या जागेत हे नवे कायदे शिरले होते. जमीन कोणाचीच नाही, पण तिच्यातून काढलेला माल काढणाऱ्याचा. आपल्याकडेही अंतराळ खासगी कंपन्यांना खुले झाले होते, धोरणात त्याच अर्थाचे एक कलम आले होते आणि पुरता कायदा अजून व्हायचा होता.

चहावर साय धरली तरी ते वाचतच होते. मग मला म्हणाले, मोबाइलवर मुळातले इंग्रजी काढ. मी काढले, वाचून दाखवले. परत वाचायला लावले. तिसऱ्यांदा मी कंटाळून वाचले.

"बाय," ते म्हणाले, "हें वाक्य म्हजें."

मी हसले. म्हटले, बाब, हे सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा संसदेने लिहिलेय. ते हसले नाहीत. चहा तसाच सोडून उठले आणि म्हणाले, "यो, दाखयतां."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसणे म्हणजे देवाचे नाव घेणे. डिचोलीतून बाहेर पडून, थांबलेल्या ट्रकांच्या रांगा मागे टाकून आम्ही एका गावाच्या टोकाला गेलो. खाणी तेव्हा बंद होत्या. रस्ता संपला तिथे तारेचे कुंपण होते, आणि कुंपणापलीकडे तळे. हिरवट, न हलणारे पाणी, चारी बाजूंनी तांबड्या पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत गेलेले. पलीकडच्या काठावर डोंगराचा एक तुकडा उभा होता, झाडीसकट, एका बाजूने कापलेला. त्या तुकड्याच्या पायथ्याशी एक झर होती, आणि तिचे पाणी खाली एका कुळागरात, पोफळी-नारळाच्या बागेत जात होते.

"हांगां डोंगर आशिल्लो," त्यांनी तळ्याकडे बोट करून सांगितले. "तो थंय दिसता, तो ताचो उरिल्लो खांदो."

मग त्यांनी सांगितले ते असे. ते नवे नवे वकील होते. डोंगर गावाच्या सामायिक मालकीचा. खणायचा परवाना कंपनीने सरकारकडून आणला होता, पण वर पाय ठेवायला गावाची संमती हवी होती. गावाने संमतीचा कागद करायला यांना बोलावले, कारण गावातून शिकून वकील झालेले हे पहिलेच. खाणीचा कागद कसा असतो ते यांनाही ठाऊक नव्हते. गावाकडे एकच नमुना होता, काजूच्या पावणीचा. पावणी म्हणजे आमच्याकडचा लिलाव. हंगामाआधी डोंगरावरच्या काजूची पावणी होते, जो घेईल त्याने त्या वर्षी बोंडू काढायचे. त्या कागदात पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य चालत आले होते: डोंगर गावाचा, उत्पन्न घेणाऱ्याचे. यांनी ते जसेच्या तसे खाणीच्या कागदात घातले. गावकऱ्यांना वाचून दाखवले, आणि सगळे खूश झाले. डोंगर गावाचाच राहणार, असे चक्क लिहिलेले होते.

"किती खोल खणायचे ते लिहिले नाहीत?" मी विचारले.

"काजूच्या कागदांत कितें खोल आसतलें?"

"मागे काय ठेवायचे ते?"

"बोंडू काडपाक झाड कोण कापता, बाय? तें बरोवची गरजूच कोणाक दिसूंक नासली."

मला त्यांच्याशी वाद घालायची खोड होती, आणि तिथे त्या कुंपणापाशीसुद्धा मी तो घातला. म्हटले, "पण बाब, आमच्या कोरगावात अजून हीच रीत आसा. डोंगर कोमुनिदादीचो, म्हणजे सगळ्या गावचो, बोंडू पावणी घेतल्याचे. माझ्या बापायन कितके वर्सां पावणी घेतली, बोंडवांच्या रसाचो हुर्राक गाळलो, कोणाचां काय वायट जाला? जमीन कोणाची ती कोणाची, आनि पीक कसणाऱ्याचा. ह्या वाक्यात चूक ती खय?"

ते तळ्याकडे वळले.

"काजू फुडल्या वर्सा परत येता," ते म्हणाले. "डोंगर येता?"

तो डोंगर बार्जमध्ये भरून नदीने मुरगावच्या बंदरात गेला आणि तिथून जहाजाने कुठल्या देशात गेला ते गावातल्या कोणालाच ठाऊक नाही.

परत येताना त्यांनी आणखी एक सांगितले. सहीच्या आधी त्यांच्या मनात जरा शंका आली होती. झरीचे काहीतरी घालूया, असे ते कंपनीच्या माणसाला म्हणाले होते. तो माणूस सभ्य होता. त्याने शांतपणे उत्तर दिले, "तुमी अटी घालशात जाल्यार आमी शेजारच्या गांवच्यान भितर सरतले. डोंगर तोच." ते शेजारच्या गावातून शिरणारच असतील तर अट घालून काय मिळवणार, म्हणून यांनी शंका गिळली.

तेव्हापासून चंद्र हा त्यांच्या बोलण्यात रोजचा झाला. लोकांना ते निव्वळ वेड वाटे. मला मात्र त्यातला हिशेब ठाऊक होता, कारण तो त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावला होता. खाणी परत सुरू व्हायचे बोलणे होते. झाल्या, तर कंपनीला त्या उरलेल्या खांद्यासाठी गावाकडून नवा कागद लागणार. तो खांदा गेला की झर गेली, झर गेली की कुळागर आणि खालची शेती गेली. त्या कागदात त्यांना एक अट घालायची होती: जे परत येत नाही ते घेणाऱ्याचे होत नाही. त्याने किती खोल जायचे आणि मागे काय ठेवायचे ते आधी ठरले पाहिजे. पण अशी अट कंपनीने आणि गावाने मानावी म्हणून दाखवायला काहीतरी आधार हवा. वकिलाला आधार लागतो, कुठल्या तरी वरच्या कोर्टाचा निकाल, कुठला तरी कायदा. जमिनीवरच्या कायद्यात त्यांना मनासारखे सापडले नाही. अंतराळाचा कायदा मात्र अजून कोरा होता.

"थंय ही अट घाली म्हणटकच सकयल जमनीर हाडूंक सोंपी," ते म्हणत. "चंद्राच्या दगडाक जो नेम, तो आमच्या झरीक कित्याक ना? आनि चंद्राच्यान वयर खंयचें कोर्ट आसा?"

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांचे हे तर्कशास्त्र ऐकून मला हसू यायचे. त्या जुन्या जागतिक करारातली एक गोष्ट त्यांना फार आवडत असे. खासगी कंपनीने वर काही बिघडवले तर तिचा देश जबाबदार, आणि त्याने तिच्यावर सतत लक्ष ठेवायचे, असे त्यात आहे. "पळय, राखणदार नेमला," ते म्हणायचे. पेडण्या-डिचोलीत शिवेवर राखणदार असतो, गावाचा रक्षक देव, त्याला रोटाचा नैवेद्य दिल्याशिवाय जमिनीला कोणी कुदळ लावत नाही. वकीलबाब देवभोळे नव्हते, पण शिवेवर कोणीतरी उभे असावे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्यांच्या घरी मी दर चवथीच्या आदल्या दिवशी असायची, त्यांच्या पत्नीला, काकींना, माटोळी बांधायला मदत करायला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, सुपारीची शिपटी, नारळ, कांगलां, घागऱ्या, कवंडळां बांधायची, ही आमच्याकडची शोभा. त्या दिवशी सकाळी त्या गावचे म्हातारे गावकर यायचे. गावाने वकीलबाबांना कागदाच्या बदल्यात आयुष्यभर डोंगरावरची माटोळी द्यायची, असे ठरले होते म्हणे, आणि गावकर ते चुकवत नसत. डोंगर होता तोवर ते सगळे डोंगरावरून यायचे. डोंगर गेल्यावर ते डिचोलीच्या चवथीच्या बाजारातून विकत घेऊन आणायला लागले. बाजार वकीलबाबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हातारा गावातून बस पकडून बाजारात यायचा, पुडके बांधून घ्यायचा आणि पायरीवर ठेवायचा.

"डोंगर आमच्याच नांवार आसा, वकीलबाब," ते दर वर्षी म्हणायचे. "तुमी राखलो."

"व्हय," वकीलबाब म्हणायचे आणि आत निघून जायचे. मग संध्याकाळपर्यंत ते बाहेरच्या खोलीत फिरकत नसत. एका वर्षी मात्र त्यांनी गावकरांना थांबवून सांगायचा प्रयत्न केला. "म्हज्या कागदानूच डोंगर गेलो," म्हणाले. गावकरांना ते विनयाचे बोलणे वाटले. ते हसून म्हणाले, "खंय गेलो? सरकारी कागदार पळयात, डोंगरूच बरयला." आणि ते खरेच होते. जमिनीच्या नोंदीत तिथे अजून डोंगर आहे, गावाच्या मालकीचा. तळ्याची नोंद कुठेच नाही.

फोंड्याच्या बैठकीची बातमी मीच आणली. अंतराळाच्या कायद्याचा मसुदा तयार होत होता आणि दिल्लीच्या एका समितीने तिथल्या एका कॉलेजात सूचना ऐकायचे ठरवले होते. वकीलबाबांनी कोट धुवायला दिला. काकी म्हणाल्या, लग्नातसुद्धा दिला नव्हता.

सभागृहात उपग्रहवाले, रॉकेटवाले, तरुण वकील, सगळे कडक इस्त्रीचे. समितीच्या प्रमुख एक बाई होत्या, मध्यम वयाच्या, मृदू बोलणाऱ्या. बहुतेक सूचना परवाने लवकर मिळावेत, विम्याचा बोजा कमी असावा, अशा होत्या. वकीलबाबांना बोलायला बोलावले तेव्हा त्यांनी मराठीतच बोलणार असे सांगितले आणि मला शेजारी उभे केले. इंग्रजी त्यांना माझ्याहून चांगले येत होते. पण काजूची पावणी इंग्रजीत सांगितली तर खोटी वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ते काजूपासून बोलले. बोंडू, पावणी, मग तो कागद, मग डोंगर. मी एकेक वाक्य इंग्रजीत केले. काही लोक हसले, पण त्या बाई हसल्या नाहीत, त्या लिहून घेत होत्या. शेवटी वकीलबाबांनी आपली अट सांगितली. एका तरुण कंपनीवाल्याने हात वर केला. नम्रपणे म्हणाला, आदर राखून सांगतो, पण तुलना बरोबर नाही, अवकाश अनंत आहे.

मी भाषांतर करायच्या आधीच वकीलबाब म्हणाले, "आमचा डोंगरही मोठा होता."

त्या तरुणाने हात खाली घेतला. मला वाटले, लागले. त्या बाईंनी चष्मा काढला आणि फार जिव्हाळ्याने उत्तर दिले. तुमचे म्हणणे मला पटते, म्हणाल्या. आमच्यातही याची चर्चा झाली. पण अशी अट आपण एकट्याने घातली, तर आपल्या कंपन्या दुसऱ्या एखाद्या देशात नोंदणी करतील, जिथे अट नाही. चंद्र तोच राहील, फक्त आपण त्यात नसू.

वकीलबाब खाली बसले. "तिणें कितें म्हळें?" त्यांनी मला विचारले.

मी मराठीत सांगितले.

"म्हाका समजलें," ते म्हणाले. "परत एकदां आयकूंक जाय आशिल्लें."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. त्या बाई वाईट असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटत होते. एवढी समंजस बाई, आणि उत्तर तेच, सभ्य कंपनीवाल्याने कधीकाळी दिलेले.

त्यानंतर त्यांच्यात दोन बदल झाले. एक म्हणजे ते विचारायचे थांबले. हॉटेलात शिरून कोणाचेही वर्तमानपत्र उचलायचे, माझ्या डब्यातला घास काही न बोलता घ्यायचे. एकदा एका पक्षकाराचे पेन सही करून सरळ खिशात घातले, आणि त्या माणसाने संकोचून ते परतही मागितले नाही. बार रूममध्ये सगळे म्हणाले, वकीलबाब सुधारले. मला ते बघवत नव्हते. सगळ्या जगाला तो प्रश्न विचारणारा हा एकच माणूस मी पाहिला होता, आणि आता तोही नाही.

दुसरा बदल त्यानंतर काही महिन्यांनी आला. खाणी परत सुरू होणार असे पक्के झाले, आणि त्या गावचे लोक घरी आले. पुढे म्हातारे गावकर, मागे ट्रकमालक. ट्रक इतकी वर्षे उभे की चाकांतून वेली वर चढल्या होत्या. घरातले तरुण कामासाठी परगावी गेलेले. ते भांडायला आले नव्हते. नवा कागद करून द्या, एवढेच सांगत होते.

"करतां," वकीलबाब म्हणाले. "पूण झरीच्या सकयल खणूंक मेळचें ना, इतलें घालतलों."

कंपनीला ते मान्य नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. ट्रकमालक एकमेकांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, "मगीर ते शेजारच्या गांवच्यान भितर सरतले."

"सरूं दी. म्हज्या हातान ना."

म्हातारे गावकर उठले. हात जोडून म्हणाले, "तुमी नाका म्हणटात तर आमी दुसऱ्याकडेन वचचे नात. तुमी आसा मेरेन आमी राबतले." आणि सगळे निघून गेले. वकीलबाब आहेत तोवर थांबायचे, हा शब्द त्यांनी पाळला. दुसरा वकील केला नाही, सही केली नाही. शेजारच्या गावातही त्यांची सोयरीक, तिथेही गावकरांनी शब्द टाकला.

त्या दिवसापासून वकीलबाबांनी पाव-भाजी सोडली. सकाळी पेज प्यायचे, रोज नदीपर्यंत चालून यायचे, ज्या गोळ्या काकी वर्षानुवर्षे त्यांच्या मागे धरून फिरत होत्या त्या आता स्वतः मागून घ्यायचे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचे. स्कूटर विकून टाकली. बार रूमला नवा विषय मिळाला. म्हातारपणी जीव प्यारा झाला, चंद्रावर जायची तयारी चाललीय, असे काय काय. मला मात्र कळले होते. दिल्ली नाही, कायदा नाही, वरचे कोर्ट नाही. आता त्या झरीवर एकच स्टे होता, आणि तो म्हणजे हा माणूस जिवंत असणे. त्याला मुदतवाढ मिळवायची तर पेजच प्यायला हवी होती.

"कितले दीस काडशात अशे?" मी एकदा चिडून विचारले. इतके जपून जगणारा माणूस बघून मला रडू यायचे आणि रडू आले की मी चिडते.

"काडटां तितले," ते म्हणाले. "प्रत्येक दीस झर व्हांवता न्हय?"

पावसात ते एकदा भिजले, ताप आला, ताप छातीत उतरला. चवथीला फार दिवस नव्हते. दवाखान्यात त्यांनी मला हाताने जवळ बोलावले तेव्हा वाटले काही मोठे सांगतील. त्यांनी अंगावरच्या चादरीला बोट लावले आणि विचारले, "हें कोणाचें?"

"दवाखान्याचां, बाब."

"परत दिवंक जाय," ते म्हणाले. ते माझ्याशी शेवटचे बोलणे.

चवथीच्या आदल्या दिवशी मी काकींकडे गेले. सुतक होते, गणपती नव्हता, माटोळी नव्हती. सवयीने गेले, आणि काकींनीही का आलीस असे विचारले नाही. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. खुंटीवर त्यांचा कोट होता. फोंड्याच्या वेळी धुतलेला, पण शिवणीत परत तांबडे भरलेले.

म्हातारे गावकर पायरीवर आले. हातात पुडके.

"ह्या वर्सा गणपती ना," काकी म्हणाल्या.

"खबर आसा, वयनी." त्यांनी पुडके पायरीवर ठेवले. बाजारातल्या सुतळीने बांधलेले, वर कांगलां लोंबत होती. मग ते बसले, काकींनी दिलेले पाणी प्यायले, आणि माझ्याकडे वळले.

"कागद जालो, बाय. आयतारा गांवची बसका जाली. झरीचें घालूंक आमी खूब सांगलें, पूण तांकां मान्य ना. वकीलबाब आसलो मेरेन आमी राबले, आतां तरनाटे राबूंक तयार नात." त्यांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. "म्हणटकच हांवें उठून सांगलें, सही करतात जाल्यार करात, पूण वाक्य वकीलबाबाचेंच जाय. नव्या वकिलाचें एकूय ना. सगळ्यांनी मानलें. डोंगर गांवचो, उत्पन्न घेतल्याचें. तांच्या नांवान घालें."

काकी खुंटीकडे बघत होत्या.

"डोंगर आमच्याच नांवार उरतलो," गावकर म्हणाले. "बरें केलें न्हय, बाय?"

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. तो बसने आला होता, बाजारातून पुडके बांधून आणले होते, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हता. वकीलबाब दर वर्षी म्हणत तेच मी म्हटले.

"व्हय."